सासरे, जीप आणि एक खडखड

चौके गावाच्या चढावर जीपमधून तो आवाज पहिल्यांदा आला, तेव्हा माझ्या मागे पुण्याचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांना वाटलं, मी सामानाच्या जागेत रिकामे डबे भरून ठेवलेत. मलाही आधी तसंच वाटलं. चढ संपल्यावर गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं, तर तिथे त्यांच्याच बॅगा आणि आमचा एक सुटा टायर. डबा एकही नाही. पुन्हा गाडी सुरू केली आणि आवाजही आमच्याबरोबर निघाला, थेट देवबागपर्यंत.

देवबागला आमच्या घराच्या बाजूला पाहुण्यांसाठी काही खोल्या आहेत. पुढे समुद्र, मागे खाडी, आणि मध्ये वाळूच्या पट्टीवर आम्ही. पाहुणे कुडाळ स्टेशनला उतरतात आणि मी त्यांना जीपमधून आणते. माझे यजमान मुंबईला नोकरीत. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. मुलगा शिकायला बाहेर. सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. त्यामुळे एरवी घरात मी आणि माझे सासरे, दोघंच.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनखोलीत गेलं. तिथल्या आवाजाने त्यांचे कान नेले. डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, उजव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोचतं, आणि समोरच्याच्या ओठांवरून एखाददुसरा शब्द कळतो. सासूबाई होत्या तोवर त्याच उजव्या बाजूला बसून सगळ्या जगाची बातमी त्यांच्या कानात घालायच्या. त्या गेल्या आणि ती वाट बंद झाली. मी सून, त्यांच्या कानाला लागून ओरडायचं मला जमेना, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं. आमच्यात राग नव्हता, भांडण तर नाहीच. शब्द मात्र कमी होत गेले. चहा, जेवण, गोळी. मी ताट ठेवायचे, ते मान हलवायचे. दिवस जायचे.

जीप मात्र त्यांची. जहाज सोडून कायमचे घरी आले तेव्हा घेतलेली, डिझेलवरची, टपावर पत्रा असलेली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून रोज सकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने तिला धुवायचे. एकदा मालवणच्या बाजारात मागून आलेल्या एसटीचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. त्या दिवशी त्यांनी घरी येऊन किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मग तारकर्लीच्या रस्त्यावर मला त्यांनीच चालवायला शिकवलं, सगळं हाताच्या खुणांनी. तळहात खाली म्हणजे हळू, मूठ म्हणजे ब्रेक. ते जमलं, कारण त्यात बोलायचं काही नव्हतं.

तर त्या दिवशी पुण्याच्या पाहुण्यांना खोल्या दाखवल्या, सोलकढी दिली आणि मी ओसरीवर सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले. जीपकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हटलं, "बाबानू, इंजिनात आवाज येता."

"कसलो?"

"खडखड."

त्यांनी थोडा विचार केला. "खडखड म्हणजे काय ता सांग. खडखड टोपावरच्या झाकणाची पण असता."

मी आवाज काढून दाखवला. त्यांना ऐकू जावा म्हणून जोरात काढला. मग चढावर तो कसा वाढतो तेही काढून दाखवलं. दुसऱ्या वेळी शेजारीण कुंपणाशी आली आणि कुणाला बरं नाही का म्हणून विचारू लागली. पाहुण्यांची मुलं खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सासऱ्यांपर्यंत मात्र काहीच पोचलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती.

शेवटी त्यांनी आपला हात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "हयसर वाजव."

मी थबकले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांच्या पाया पडले होते, औषधं दिली होती, तापात पट्ट्या ठेवल्या होत्या. पण असं समोर बसून त्यांच्या हातावर बोट ठेवायचं म्हणजे नवीनच होतं. खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या हाताच्या पाठीवर बोटाने वाजवलं. टक टक टक टक.

त्यांनी डोळे मिटले. "असोच येता? नखाचो काय बोटाचो?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. नखाने वाजवलं तर आवाज हलका, कोरडा. बोटाच्या पेराने वाजवलं तर जड. मी आठवून आठवून पेराने वाजवलं. ते म्हणाले, गाडी उभी असताना येतो की चालताना? मी म्हटलं, दोन्ही. उभ्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबला तर वाढतो? मी हातावर जलद वाजवून दाखवलं. "मगे चाकाचो न्हय," ते म्हणाले, "इंजिनाचोच." आणि त्यांनी हात काढून घेतला नाही. अजून प्रश्न होते त्यांच्याकडे.

त्या संध्याकाळी आम्ही जितकं बोललो तितकं मागच्या वर्षभरात बोललो नसू. सगळं इंजिनाबद्दलच. त्यांनी मला आवाजांची ओळख करून दिली. पट्टा सैल झाला की मांजर ओरडतं. धुराचा पाइप फुटला की दम्याच्या माणसासारखी फुसफुस येते. वरच्या बाजूला, हलका आणि भरभर, शिलाईच्या मशीनसारखा, तो व्हॉल्व्हचा; त्याने फार बिघडत नाही. आणि खालच्या बाजूने, जड, आतून कुणी हातोडा मारल्यासारखा आला तर मात्र देवाचं नाव घ्यावं. तो बेअरिंगचा. त्यासाठी सगळं इंजिन उतरवावं लागतं. आपला कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मी पेराने वाजवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालवणला गॅरेजमध्ये गेले. तिथला मेकॅनिक माझ्याच वयाचा, कामाला चोख. नव्या गाड्यांना तो तारेने कॉम्प्युटर जोडतो आणि काय दुखतंय ते पडद्यावर वाचतो. आमच्या जीपला जोडायला भोकच नाही. त्याने बॉनेट उघडलं, लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं, मग खाली झोपून ऐकलं. उठून कपडे झटकले आणि म्हणाला की वैनी, खालचं बेअरिंग वाटतंय. इंजिन उघडावं लागेल. सामान कोल्हापूरहून येणार, त्यामुळे काही आठवडे गाडी विसरायची. उगाच घाबरवायचं म्हणून सांगणारा तो माणूस नाही. त्याला स्वतःलाच ते सांगताना बरं वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीचे पाहुणे तोंडावर होते. रात्री यजमानांना फोन केला, तर ते म्हणाले की विकून टाक आता, किती दिवस त्या म्हातारीला धरून बसणार. ते दर वर्षी असंच म्हणतात. पण या वेळी मलाही तेच बरं वाटू लागलं होतं. सकाळी सासऱ्यांच्या उजव्या बाजूला बसून मेकॅनिकचं म्हणणं सांगितलं, यजमानांचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली, चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि उठून गेले.

दुपार टळल्यावर अंगणातून इंजिनाचा आवाज आला. मी बाहेर आले, तर बॉनेट उघडं, इंजिन सुरू, आणि सासरे इंजिनावर ओणवलेले. त्यांच्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला टेकवलेलं आणि लाकडी मूठ त्यांनी दातात घट्ट धरलेली. डोळे मिटलेले. क्षणभर मला वाटलं, यांना काहीतरी झालं. मी धावत जाऊन खांद्याला धरलं. त्यांनी शांतपणे मूठ तोंडातून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि सांगितलं, "कान गेले. हाडा खंय गेली हत?"

मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी इकडेतिकडे बघितलं, पाहुणे समुद्रावर गेले होते. मूठ दातात धरली. जुन्या तेलाची कडवट चव आली आणि पुढच्याच क्षणी सगळं इंजिन माझ्या डोक्यात शिरलं. बाहेरून जो एक आवाज वाटायचा, त्याचे आत कितीतरी आवाज होते. काही गोल, काही टोकदार, एक सतत वाहणारा, आणि त्या सगळ्यांमधून आमची ती खडखड. मी टोक इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं. खडखड सगळीकडे होती. त्यांचीही तीच अडचण होती. लोखंडातून आवाज पळतो, म्हणाले; एका घरात भांडण झालं की सगळ्या वाडीला आपल्याच घरात झाल्यासारखं वाटतं, तसं.

बराच वेळ इकडेतिकडे दात लावून झाल्यावर त्यांनी ठरवलं की हे व्हॉल्व्हचंच आहे. मेकॅनिकला जड वाटतंय ते पत्र्याच्या घुमण्यामुळे. मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं.

दुसरी सकाळ आम्ही त्यातच घालवली. इंजिन थंड होतं. त्यांनी वरचं झाकण उतरवलं. मी पुढच्या बाजूने पान्याने इंजिन थोडं थोडं फिरवायचे आणि ते पातळ पत्र्याच्या पट्ट्या व्हॉल्व्हच्या फटीत घालून अंतर जुळवायचे. चष्मा लावला नव्हता. पट्टी ओढताना बोटाला किती अडते त्यावर त्यांचं चाललं होतं. पाहुणे चहाचे कप घेऊन भोवती उभे राहिले. एकाने फोटो काढला. सासरे कामात असे रमले होते की त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. मधेच एकदा मला म्हणाले, "बरो हात आसा गो तुजो." मी पाना घट्ट धरला आणि काहीच झालं नाही असं दाखवलं.

झाकण बसवलं, किल्ली फिरवली. शिलाईच्या मशीनसारखी एक बारीक टिकटिक आधी होती, ती गेली. इंजिन गोड झालं. खडखड मात्र होती तिथेच होती, उलट बाकीचं शांत झाल्यामुळे जास्तच ठळक ऐकू येत होती.

मी इंजिन बंद केलं. सासरे माझ्या तोंडाकडे बघत होते. "आसा?"

"आसा," मी म्हटलं.

त्यांनी रॉकेलने हात धुतले, साबणाने पुन्हा धुतले. "चुकलंय," म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर ते ओसरीवर बसायचे ते खाडीकडे तोंड करून. सकाळी जीप धुवायला उठले नाहीत. मी दोनदा खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसले, टेबलावर बोट वाजवलं, तर म्हणाले की मेकॅनिकला सांग काय ते. पुन्हा आम्ही चहा, जेवण, गोळीवर आलो. मला त्या खडखडीचा इतका राग आला की एकदा मी टायरला लाथ मारली. पायच दुखला.

मेकॅनिकने दिवाळी झाली की इंजिन उतरवू असं ठरवलं होतं. तोवर हळू चालवा, लांब नको, आवाज वाढला तर थांबा, असं त्याचं सांगणं. आणि नेमकं तेव्हाच नाशिकहून आलेल्या एका वयस्क जोडप्याला आणि त्यांच्या मुलीला कुणकेश्वरला जायचं होतं. दुसरी गाडी कुठे मिळेना. मी सासऱ्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं. त्यांनी खाडीवरची नजर न काढता सांगितलं की जा, पण आवाजाकडे आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेव.

आचऱ्यापर्यंत सगळं बरं होतं. खडखड कधी यायची, कधी दबायची. मागे बसलेल्या काकू स्तोत्र म्हणत होत्या आणि मला वाटलं, स्तोत्राला कुणी टाळ धरलाय. पुढे मात्र काटा हळूच वर सरकायला लागला. फार नाही, पण रोजच्या जागी नव्हता. कुणकेश्वरला पोचले, पार्किंगच्या जागेत सावली बघून गाडी लावली. मंडळी दर्शनाला गेली. मी इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं, पाणी गळतंय का ते बघायला.

पाणी गळत होतं, थेंब थेंब, पुढच्या बाजूने. पण माझी नजर गेली ती पंख्याकडे. इंजिनाच्या पुढच्या तोंडावर हवा खेचायला जो पंखा असतो, तो फिरायला लागला की पाती दिसत नाहीत, एक सपाट ताटली दिसते. त्या दिवशी ती ताटली डुलत होती. भोवऱ्याचा जोर संपत आला की तो जसा मान हलवायला लागतो, तशी. फार बारीक. कान देऊन बसले असते तर कधी दिसलं नसतं.

सासऱ्यांना फोनवर ऐकू येत नाही. पण नातवाचे व्हिडिओ बघायला त्यांच्याकडे मोठा फोन असतो, तो सदऱ्याच्या खिशात थरथरला की त्यांना कळतं. मी व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ थरथरला असेल. मग पडद्यावर त्यांचं कपाळ आलं. मी फोन वळवला आणि पंख्यासमोर धरला.

कपाळ जवळ आलं, मग एक डोळा. आणि मग त्यांचा आवाज आला. आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना कळत नाही, आणि त्या दिवशी तर त्यांना घाई होती.

"इंजिन बंद कर. आधी बंद कर."

मी झटकन बंद केलं. पार्किंगमधल्या नारळवालीने मान वळवली. एका सहलीच्या बसचा ड्रायव्हर सावलीत पेपर वाचत होता, तो उठून बसला.

मग फोनमधून हुकूम सुटत गेले. किल्ली काढून खिशात घाल. पंख्याचं पातं टोकाला धर, तुझ्याकडे ओढ, मग ढकल. मी फोन बॉनेटच्या कडेला टेकवला, पातं धरलं, ओढलं, ढकललं. ते हललं. आणि हलताना आतून अगदी बारीक, मऊ असा एक आवाज आला. टक. पुन्हा ओढलं, टक. इतके दिवस इंजिनभर धावणारा तो आवाज माझ्या हातात होता. मी फोन जवळ नेला आणि पातं पुन्हा हलवून दाखवलं. त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, पण पातं किती हलतंय ते दिसलं.

"गावलो," ते म्हणाले.

तो पंखा ज्या दांड्यावर बसतो तोच दांडा आतमध्ये इंजिनाचं पाणी फिरवणारा पंपही चालवतो. त्या पंपाचं बेअरिंग झिजलं होतं. खात्री करायची तर पट्टा काढून इंजिन क्षणभर सुरू करून बघायचं. पट्टा नसला की पंखा आणि पंप थांबतात. तरी आवाज आला तर मेकॅनिक म्हणतो ते खरं. गेला तर पंपच. हे सगळं सासऱ्यांनी मला आणि माझ्याबरोबर पूर्ण पार्किंगला समजावून सांगितलं.

पाने मागे होते. बोल्ट गंजलेला होता, माझ्याने सुटेना. बसचा ड्रायव्हर आता राहवेना म्हणून आला, त्याने जोर लावला. मधेच तो फोनकडे वाकून विचारू लागला की काकानू, हा बोल्ट की खालचा? त्याला वाटलं, माणूस ऐकतोय. तिकडून उत्तर आलं, "तो कोण? तेका बाजूक कर, माका दिसाक नाय." ड्रायव्हर मुकाट्याने बाजूला झाला आणि हात लांब करून काम करू लागला.

पट्टा निघाला. मी आत बसले, किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. त्याचा आपला धडधडता, ओळखीचा आवाज. मी वाट बघितली. थोडा अॅक्सिलरेटर दिला. बाकी काही नाही. खडखड नव्हती. ड्रायव्हरने मान डोलावली. मी लगेच बंद केलं, कारण पाणी न फिरता इंजिन तापतं, आणि खाली उतरून फोन हातात घेतला.

"गेलो?" सासऱ्यांनी विचारलं.

मी फोनसमोर माझा हात धरला, तळवा त्यांच्याकडे करून. काही न वाजवता, स्थिर.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग बहुतेक फोन टेबलावर ठेवला असावा, कारण मला आमच्या ओसरीची कौलं दिसू लागली आणि एक पाल. पलीकडे ते खाकरल्याचं, नाक शिंकरल्याचं ऐकू येत राहिलं. मी फोन बंद केला नाही.

नाशिकची मंडळी दर्शन करून आली. मी घडलं ते सांगितलं. ती माणसं चांगली होती, काकूंनी मला प्रसाद दिला आणि इंजिनाला पण थोडा देऊ का म्हणून विचारलं. बसच्या ड्रायव्हरने ओळखीची एक गाडी बोलावून त्यांना देवबागला पोचवण्याची सोय केली. मालवणहून मेकॅनिक दुपारी टेम्पो घेऊन आला. त्याने पातं धरलं, हलवलं, आणि कपाळाला हात लावून हसला. सगळ्या लोखंडात आवाज घुमत होता, मला खालून वाटला, म्हणाला. मग त्याने पुढचं सांगितलं. पंखा निसटला असता तर पुढचा रेडिएटर फाडून टाकला असता, आणि तसं व्हायला फार दिवस राहिले नव्हते. मला आचऱ्याची वळणं आठवली. जीप टेम्पोला बांधून घरी आणली.

नवीन पंप त्याने आमच्या अंगणातच बसवला. सासरे सकाळपासून तयार होते, जीप धुवून ठेवलेली. दोघं एकमेकांशी खुणांनी बोलत होते आणि मी मध्ये बसून जिथे खूण पुरेना तिथे सासऱ्यांच्या हातावर वाजवत होते. काम संपत आलं तेव्हा मेकॅनिकला गाडीखाली आणखी एक गोष्ट दिसली. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं त्यातली एक चिरून दोन तुकडे झाली होती. म्हणून तो आवाज इतका जड वाटत होता आणि सगळ्या पत्र्यातून खालून आल्यासारखा यायचा. हे सासऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ती फाटलेली गादी त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि मेकॅनिकच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुजा पण बराबर होता." तो बिचारा लाजला. मी त्याला आंबोळ्या आणि चटणी वाढली.

ही गोष्ट बाहेर कुणी नेली, ड्रायव्हरने की मेकॅनिकने, कळलं नाही. पण हळूहळू लोक आमच्या अंगणात आवाज घेऊन येऊ लागले. पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींची इंजिनं आली, एक रिक्षा आली, शेजारणीचा मिक्सर आला. मी ऐकायचे, हातावर वाजवायचे, सासरे प्रश्न विचारायचे. आमचं निदान पुष्कळदा चुकायचं. मिक्सरचं तर पूर्णच चुकलं, शेजारीण अजून बोलून दाखवते. पण चुकलं म्हणून आता कुणी खाडीकडे तोंड करून बसत नाही.

यजमानांनी पूर्वीच एक कानाचं मशीन आणून दिलं होतं. मधे मी ते सासऱ्यांना पुन्हा लावून बघायला सांगितलं. त्यांनी अर्धा दिवस लावलं. चमचा, कावळा, माणूस, सगळे एकाच माळेतले वाटतात म्हणून काढून ठेवलं. मी आग्रह केला नाही.

इंजिनावरून आम्ही कधी दुसऱ्या गोष्टींवर गेलो ते लक्षात नाही. ते जहाजाच्या गोष्टी सांगू लागले. इंजिनखोलीच्या कठड्यावर हात ठेवून जेवायला जायचं, हाताला काही वेगळं लागलं तर जेवण तसंच सोडून परत फिरायचं. सासूबाईंना पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा समुद्रातून उतरल्यामुळे जमीनच हलत होती, म्हणून मुलगी नीट दिसली नाही आणि हो म्हणून टाकलं. ही गोष्ट सासूबाईंनी मला कधी सांगितली नव्हती. मी त्यांना माझ्या माहेरचं सांगितलं. नांदगावला आमचं घर रुळांपासून जवळ. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फडताळातल्या कपांच्या किणकिणीवरून मला कळायचं, मालगाडी चाललीय की पॅसेंजर. त्यांना ते फार आवडलं. दोन्ही वाजवून दाखव म्हणाले.

शिमग्याला यजमान आले. पहिल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात माशांची आमटी करत होते आणि सासरे दाराशी पाटावर बसून मला बोटीच्या एका गिअरबॉक्सची हकिगत सांगत होते. मी मधेच वाद घालत होते, पळी त्यांच्या पाटावर आपटून. यजमान दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. सासरे हात धुवायला विहिरीवर गेले, तेव्हा यजमान माझ्याजवळ आले.

"बाबा माझ्याशी कधी इतके बोलले नाहीत," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. त्यांच्या लहानपणी वडील वर्षातले थोडे दिवस घरी असायचे, ते मला माहीत होतं. पण ते असं मोठ्याने पहिल्यांदाच म्हणाले होते.

मी आमटीला कोकम घातलं. मग म्हटलं की येताना जीप तुम्हीच चालवलीत ना, तिसऱ्या गिअरमध्ये काही लागलं का हाताला? ते म्हणाले, हो, दांडा जरा थरथरत होता. मी म्हटलं, मग जाऊन बाबांना सांगा, पण ओरडू नका. हात पुढे करा, ते सांगतील काय करायचं ते.

ते गेले. मी खिडकीतून बघितलं. विहिरीच्या कठड्यावर दोघं बसले होते. यजमानांची मूठ सासऱ्यांच्या तळहातात होती आणि यजमान ती हळूहळू हलवत होते, गिअरचा दांडा हलतो तशी. सासरे मान हलवत होते, नाही म्हणून. पुन्हा कर म्हणून. यजमान पुन्हा करत होते. जेवण वाढलंय म्हणून मी दोनदा हाक मारली. ऐकू येणाऱ्यानेही ऐकली नाही. शेवटी मी ताटं झाकून ठेवली आणि माझी खुर्ची घेऊन बाहेर गेले.